कापूस मिळत नाही, वेचावा लागतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत चौथीचा इंग्रजीचा तास चालू होता. डिसेंबर महिना होता आणि रस्त्यापलीकडचं शेत कापसाने पांढरं झालेलं खिडकीतून दिसत होतं. सरांनी फळ्यावर चार वाक्यं लिहिली होती आणि सगळा वर्ग ती एका सुरात म्हणत होता : वुई गेट फ्रूट्स फ्रॉम प्लान्ट्स. वुई गेट वुड फ्रॉम प्लान्ट्स. वुई गेट मेडिसिन्स फ्रॉम प्लान्ट्स. चौथं वाक्य कॉटनचं होतं. सरांनी त्याचा अर्थ सांगितला, ‘आपल्याला झाडांपासून कापूस मिळतो.’ दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, ‘कापूस भेटत नसते सर, वेचा लागते.’

वर्ग हसला नाही, कारण तिचं म्हणणं सगळ्यांनाच ठाऊक होतं. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘बरोबर आहे तुझं. पण इंग्रजीत गेटच म्हणायचं.’ तास पुढे सरकला.

भाषाशिक्षणाच्या कामामुळे मी अशा बऱ्याच तासांना मागच्या बाकावर बसले आहे. वनस्पती माणसाला का महत्त्वाच्या, हा धडा तर किती वेळा ऐकला याची गणती नाही. पण हा धडा कुठे चुकतो, हे मला त्या मुलीच्या एका वाक्याने दाखवलं. तिने व्याकरणाची चूक दाखवली नव्हती. फळ्यावरच्या वाक्यातून एक माणूस गळला होता, तो तिने परत आणून बसवला. बहुधा तो माणूस तिची आईच होती.

वेचणी म्हणजे काय, हे त्या मुलीला पाठ करावं लागत नाही. बोंडं एकदम फुटत नाहीत, त्यामुळे एकाच शेतात दोन, तीन, कधी चार वेचे होतात. वेचणाऱ्या बहुतेक बायाच असतात. कमरेला फडकं बांधून त्यात कापूस भरतात आणि मजुरी किलोवर मिळते. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत रुततात. क्विंटलभर कापसातून रुई साधारण तेहेतीस ते पस्तीस किलो निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल होतं आणि ढेप जनावरांपुढे जाते. शेतात उरलेली पऱ्हाटी चुलीत जाते. एका झाडाने अंग झाकलं, ढोर जगवलं आणि भाकरीही भाजली. वनस्पती माणसाला का महत्त्वाच्या, याचं याहून भरीव उत्तर दहा वर्षांच्या मुलीकडून आणखी कोणतं हवं? इंग्रजीच्या तासाला मात्र या उत्तराला दार उघडत नाही, कारण धड्याने आधीच ‘गेट’ हे क्रियापद ठरवून टाकलेलं असतं.

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या पुस्तकांत हा विषय इतका आवडता का, त्याचं कारण साधं आहे. चित्रं काढायला सोपी, शब्द रोजचे, आणि वाक्यांचे साचे आयते हाताशी : गेट फ्रॉम, गिव्ह अस, इज मेड फ्रॉम, इज यूज्ड फॉर. टेबल लाकडाचं बनतं, कागद लाकडापासून बनतो, साखर उसापासून बनते. या साच्यांत वस्तू दिसते आणि झाड दिसतं, मधला माणूस दिसत नाही. कर्मणी प्रयोगाची ही सोयच आहे. व्याकरण म्हणून त्यात काही वावगं नाही. पण महिनाभर मूल याच साच्यात बोलत राहिलं, तर जगाचा एक चुकीचा नकाशा त्याच्या डोक्यात बसतो. झाड देतं, आपण घेतो, आणि मध्ये काहीच घडत नाही.

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास निघून कारखान्याच्या फडावर पाच-सहा महिने काढणाऱ्या ऊसतोड कुटुंबातलं मूल वर्गात बसलंय असं धरा. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांचा हिशेब एका अवजारावर मांडला जातो. त्या मुलाने वहीत ‘शुगर इज मेड फ्रॉम शुगरकेन’ असं सुवाच्य अक्षरात लिहायचं आणि खाली बरोबरची खूण घ्यायची! वाक्य खोटं नाही. पण त्या मुलाला त्याबद्दल जे सर्वांत जास्त माहीत आहे, तेवढंच नेमकं त्या वाक्यात नाही.

मराठीत या मधल्या कामाला किती क्रियापदं आहेत, ते कधी मोजून पाहावं. कापूस वेचतात, ऊस तोडतात, भात कापतात आणि झोडतात, हरभरा उपटतात, तूर सोंगतात, फुलं खुडतात, नारळ पाडतात. हापूस मात्र पाडत नाहीत, उतरवतात. झेल्याने देठासकट हळूच खाली आणतात, कारण देठ तुटून चीक सालीवर ओघळला तर साल डागते आणि फळ टिकत नाही. म्हणजे ‘उतरवणे’ या एका क्रियापदात अर्धं उद्यानशास्त्र बसलेलं आहे. पुढे मळणी, उफणणी, पाखडणं, कांडणं, भरडणं, दळणं. यातलं प्रत्येक क्रियापद म्हणजे झाड आणि माणूस यांच्यातला एकेक ठरलेला व्यवहार. इंग्रजीतही हे शब्द आहेत : पिक, प्लक, रीप, थ्रेश, विनो, पाउंड, ग्राइंड, स्पिन, वीव्ह. शेकडो वर्षं शेती केलेल्या लोकांची ती भाषा आहे, तिच्यात ते असणारच. ती दरिद्री नाही. आपण मुलांपर्यंत आणलेला तिचा तुकडा दरिद्री आहे.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा दोष इंग्रजी माध्यमाचा म्हणून सोडून देता येत नाही. मराठी माध्यमातही ‘झाडे आपल्याला फळे देतात, फुले देतात, सावली देतात’ हाच निबंध पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेला आहे. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द मेळघाटातल्या कोरकू मुलाला ‘फोटोसिंथेसिस’इतकाच परका आहे. ‘हरितद्रव्य’ आणि ‘पर्णरंध्र’ हे शब्द मला आवडतात, कारण ते ऐकताच अर्थाचं निम्मं दार उघडतं. पण पारिभाषिक शब्द मातृभाषेत आला की ज्ञानही आपोआप आपलं होतं, हा भ्रम आहे. अनुभवाला हात लावू न देणारा धडा कोणत्याही भाषेत पोकळच राहतो. इंग्रजीत ती पोकळी जास्त जाणवते एवढंच, कारण तिथे मुलाला पळवाट नसते. मराठीत ते निदान मध्येच बोलू शकतं, त्या मुलीसारखं.

पाठांतराच्या वाक्याचा आणखी एक तोटा आहे. ‘झाडं आपल्याला ऑक्सिजन देतात’ हे वाक्य देशातलं जवळजवळ प्रत्येक मूल दोन भाषांत म्हणतं. ते म्हणताना त्याला कोणी सांगत नाही, की पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा वाटा समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा आहे. हवेतला एकवीस टक्के ऑक्सिजन गेल्या वर्षीच्या वृक्षारोपणातून आलेला नाही, तो कोट्यवधी वर्षांच्या संचयातून आला आहे. जुनं, पूर्ण वाढलेलं जंगल दिवसा जेवढा ऑक्सिजन सोडतं, जवळजवळ तेवढाच ते स्वतःच्या श्वसनात आणि पाचोळा कुजण्यात परत खर्च करतं. झाडं महत्त्वाची आहेत ती इतर भक्कम कारणांनी : अन्न, पाणी धरून ठेवणारी माती, कार्बन, सावली, औषध, इंधन, वस्त्र. या प्रत्येक कारणात मुलाला विचारण्याजोगं काहीतरी आहे. ऑक्सिजनच्या घोषणेत विचारायला काहीच नाही. ती भिंतीवर रंगवायला बरी.

जेम्स वांडर्सी आणि एलिझाबेथ शुस्लर या अमेरिकन वनस्पतिशिक्षकांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी ‘प्लान्ट ब्लाइंडनेस’ ही संज्ञा मांडली. आजूबाजूची झाडं माणसाला दिसतात, पण लक्षात येत नाहीत, प्राण्यांमागचा हिरवा पडदा एवढंच त्यांचं स्थान उरतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांच्या बाबतीतही हे निरीक्षण खरं ठरलं. ऑक्सफर्डच्या मुलांसाठीच्या छोट्या शब्दकोशाच्या २००७च्या आवृत्तीतून एकॉर्न आणि बटरकपसारखे निसर्गातले शब्द गळले आणि ब्रॉडबँडसारखे नवे शब्द आत आले. ब्रिटनमध्ये त्यावर बराच वाद झाला. मुलं जे शब्द वापरत नाहीत ते काढले, अशी संपादकांची बाजू होती, आणि ती पूर्णपणे फेटाळण्यासारखी नव्हती.

आपल्याकडची स्थिती उलटी आहे. पुण्या-मुंबईच्या मुलांचं सोडा. त्यांना गाजरगवत आणि कोथिंबीर यांतला फरक सांगता येईलच असं नाही, आणि त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागेल. पण महाराष्ट्रातल्या लाखो मुलांकडे शब्दही आहेत आणि झाडंही. टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी या रानभाज्या पहिल्या पावसानंतर कुठे उगवतात, मोहाची फुलं पहाटेच का वेचायची, करंजाचं तेल कशाला लागतं, हे त्यांना माहीत असतं. ती मुलं शाळेत येतात आणि भिंतीवरच्या तक्त्यावर सफरचंद, पाइन, ट्युलिप आणि मेपल बघतात. हळूहळू त्यांना कळतं, की आपल्याला जे माहीत आहे ते ‘प्लान्ट’ नसावं. ज्या मुलाला झाडं दिसत होती, त्याची नजर शाळेत मंदावते. मला याचं दुःख होतं आणि रागही येतो.

साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर झाडं समजून घेण्याचं काम अधिक शहाणपणाने झालं होतं. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ साली इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं. ते त्याने संवादाच्या रूपात लिहिलं. नुकता आलेला रुआनो प्रश्न विचारतो, ऑर्ता उत्तर देतो, आणि त्या उत्तरांमध्ये इथल्या बाजारातलं, वैद्यांचं, लोकांचं बोलणं येत राहतं. पुढे मलबारचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हेडे याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, तो अ‍ॅम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्यात इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचं ज्ञान आहे आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचंही. चित्रांवर झाडांची नावं मल्याळम आणि अरबी लिप्यांत आहेत, तशीच नागरीत कोकणी नावंही आहेत. पुढे लिनिअसने याच ग्रंथाचा आधार घेऊन इथल्या कितीतरी झाडांचं नामकरण केलं. या ग्रंथांमागे व्यापार होता, सत्ता होती, हे विसरू नये. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे : ज्याला झाड माहीत नव्हतं, तो ज्याला माहीत होतं त्याला विचारत होता. आपल्या वर्गात झाड मुलाला माहीत असतं आणि प्रश्न मात्र पुस्तक विचारतं, तेही उत्तर आधीच छापून.

त्या देवाणघेवाणीत इंग्रजीलाही शब्द मिळाले. मँगो, टीक, जॅकफ्रूट, कॉयर हे दक्षिणेतल्या भाषांतून पोर्तुगीजांमार्गे किंवा थेट गेलेले. जिंजर, शुगर, ऑरेंज यांची मुळं संस्कृतापर्यंत जातात. टॅमरिंड म्हणजे अरबांनी दिलेलं नाव, ‘हिंदचा खजूर’. डंगरी या जाड कापडाचं नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडलं, असं मानतात. मग पळसाला ‘फ्लेम ऑफ द फॉरेस्ट’ हे नाव पाठ करायला लावण्याआधी मुलाला ‘धिस इज अ पळस’ म्हणू द्यायला काय हरकत आहे? इंग्रजी वाक्यात मराठी नाम बसलं की शिक्षक दचकतात. मँगो म्हणताना कोणी दचकत नाही.

आता इंग्रजीच्या बाजूने बोलते, कारण ही बाजू मला तितकीच मोलाची वाटते. मार्च १९९५मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याच्या उपयोगावर पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना भारताच्या सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेने पुढच्या वर्षी त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आपल्याकडे ही विजयकथा म्हणून सांगतात आणि ती आहेही. पण तिच्या पोटातली गोष्ट शाळेसाठी जास्त महत्त्वाची आहे. घराघरातल्या आज्या जखमेवर हळद दाबतात, हे त्यावेळच्या अमेरिकी कायद्यापुढे पुरावा ठरत नव्हतं. परदेशातल्या नुसत्या वापराला किंमत नव्हती, छापील मजकूर हवा होता. म्हणून संस्कृत ग्रंथ काढावे लागले आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा लेख काढावा लागला. त्यानंतर २००१ साली पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. त्यात आपली औषधी माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत मांडली आहे, ज्या भाषा पेटंट तपासणारे वाचतात.

म्हणजे इंग्रजी लागतेच. जे माहीत आहे ते परक्या दारात जाऊन सिद्ध करायला ती लागते. ‘वुई गेट मेडिसिन्स फ्रॉम प्लान्ट्स’ हे वाक्य मात्र त्या दारात कामाला येणार नाही. तिथे कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कसा वाटायचा, कशावर लावायचा, किती दिवस, हे सांगावं लागतं. ‘ग्राइंड द रूट’, ‘अप्लाय द पेस्ट’, ‘फॉर थ्री डेज’. हीच वाक्यं चौथी-पाचवीच्या मुलाला झेपणारी आहेत आणि व्याकरणही पक्कं करणारी आहेत. शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांची नोंदणी करता यावी म्हणून आपल्याकडे २००१चा कायदा आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी जपलेल्या देशी बियाण्यांसाठी त्यांना २०२०चा पद्मश्री सन्मान मिळाला. अशा माणसांचं ज्ञान बाहेर न्यायचं तर दाण्याचा रंग, ओंबीची लांबी, पिकाचे दिवस हे काटेकोरपणे सांगू शकणारी मुलं गावातच हवीत. ती इंग्रजीच्या तासालाच घडू शकतात.

मग तास कसा घ्यायचा? आधी मुलांनी झाड आणायचं किंवा झाडाकडे जायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड भागात आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, असा तो विचार. त्याचा अर्थ फक्त हजेरीपुरता नव्हता. कुरणात मूल जाणकार असतं आणि शिक्षक पाहुणा असतो. इंग्रजीच्या तासाला हे नातं फार उपयोगी पडतं, कारण परकी भाषा बोलताना मुलाला सर्वांत मोठी भीती आपण अडाणी ठरू याची असते. विषय त्याच्या हातातला असेल, तर भाषेतला अडाणीपणा त्याला सोसवतो.

पहिला फेरा मराठीत होऊ द्यावा, किंवा वऱ्हाडीत, अहिराणीत, कोरकूत. जिम कमिन्स यांनी कॅनडातल्या द्विभाषिक मुलांच्या अभ्यासातून १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून मांडलेला मुद्दा हाच आहे, की एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून उभी करावी लागत नाही. तिला फक्त नवे शब्द हवे असतात. मुलं सांगतील तशी क्रियापदं फळ्यावर मांडावीत, आणि मग त्यांच्या समोर इंग्रजी क्रियापदं शोधावीत. नामांपेक्षा क्रियापदांवर जास्त वेळ घालवावा. आणि शिक्षकाने प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा, ‘हू?’ कोण वेचतं, कोण दळतं, कोण विकतं, कोण घालतं. त्या प्रश्नाने कर्तरी प्रयोग आपोआप येतो. कर्मणी नंतर शिकवा. तोवर मुलाला कळलेलं असेल की त्यात काय झाकलं जातं.

परीक्षेला हे विचारत नाहीत, हा आक्षेप मला फारसा अडवत नाही. ‘माय मदर पिक्स कॉटन’ लिहिणाऱ्याला ‘वुई गेट कॉटन’ लिहिणं जड जात नाही. शिक्षकांचं स्वतःचं इंग्रजी अपुरं असतं, हे खरं. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून हे ओझं त्यांनी बऱ्याचदा एकट्याने उचललं आहे. पण ‘हा शब्द मलाही माहीत नाही, शोधू या’ असं म्हणण्याची मुभा त्यांना मिळाली, तर निम्मं ओझं उतरेल.

मला खरा अडवतो तो आईबापांचा आक्षेप. पोरीने वेचणीला जाऊ नये म्हणूनच तर तिला इंग्रजी शिकवायचंय. मग तुम्ही इंग्रजीच्या तासालाही तिला वावरातच उभं करता? या प्रश्नामागे मोठी वेदना आहे आणि ती हलकी लेखण्याचा मला अधिकार नाही. किलोच्या भावाने दिवस मोजलेल्या बाईला ‘तुमचं ज्ञान थोर आहे’ असं सांगणं पुरेसं नाही. तरी मी एवढं म्हणेन, की वावरातून बाहेर पडण्यासाठी मुलीला वावर विसरावं लागत नाही. उद्या ती कृषी अधिकारी झाली, परिचारिका झाली, कापडाच्या गिरणीत हिशेब पाहू लागली, तरी कापसाचा भाव आणि वेचणीची मजुरी यांचं गणित तिला दुसऱ्या कोणापेक्षाही आधी कळेल. इंग्रजी शिकता शिकता ते गणित तिच्याकडून काढून घेतलं, तर तिच्या हाती उरेल ते दुसऱ्या कोणाच्याही मुलीजवळ असेल तेच.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरांशी हे सगळं बोलले. ते तरुण होते, त्याच तालुक्यातले, त्यांचीही दोन एकर पऱ्हाटी होती. सुट्टीनंतर त्यांनी फळा पुसला नाही. चौथ्या वाक्यातलं ‘गेट’ तेवढं पुसलं आणि त्या मुलीला पुढे बोलावलं. ‘पिक’ हा शब्द दिला. तिने खडू घेतला, बराच वेळ लावून लिहिलं : माय मदर पिक्स कॉटन. मग दुसऱ्या मुलाने ‘जिनिंग’ सांगितलं, हा तर इंग्रजीच शब्द निघाला. कोणीतरी ढेप सांगितली, कोणी चूल. फळा भरत गेला. मुलगी अजून पुढेच उभी होती. तिने आपल्या बोटाचं टोक दाबून सरांना दाखवलं आणि विचारलं, ‘बोंडाचं जे बोटाले रुतते, त्याले इंग्रजीत काय म्हणते?’

सरांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सरांनी मोबाइल काढला आणि आख्खा वर्ग त्यांच्या टेबलाभोवती जमला.